पाठीवरचे बिऱ्हाड आणि कोकणचा किनारा

(तृतीय वर्ष कला, भूगोल विशेष)

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण वापरतो तेव्हा तिच्यात थोडी कीव असते. ज्याला स्वतःचे घर नाही, ज्याचा संसार एका वळकटीत मावतो, अशा माणसाविषयी ती बोलली जाते. इंग्लंडात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही सुखवस्तू मंडळींनी हेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतले. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची लाकडी गाडी मुद्दाम बांधून घेतली, तिला घोडे जुंपले आणि थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. पुढे १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा तेथे क्लबच निघाला. या गाडीला त्यांनी 'कॅरॅव्हॅन' म्हटले. मूळ शब्द फारसीतला, कारवान. त्याचा अर्थ गाडी असा नव्हताच. वाळवंटातून एकमेकांच्या सोबतीने जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, असा होता. अनेकांचा शब्द एकट्या कुटुंबाच्या गाडीला चिकटला, हा भाषेचा प्रवासही मौजेचा आहे. आपल्याकडे असे तांडे लमाण-वंजाऱ्यांचे होते. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून ते घाट चढत आणि देशावरचे धान्य खाली आणीत. त्यांच्या बिऱ्हाडाला हौस म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवां पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी तसे केले. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था असलेली केंद्रे, असा त्याचा साधारण आशय. आम्हा पाच मित्रांना या कल्पनेचे कुतूहल वाटले. त्यातील एकाच्या मामांनी शाळेच्या फेऱ्या मारून थकलेला आपला जुना टेम्पो आत दोन मजली बाकडी, एक शेगडी आणि नव्वद लिटरची पाण्याची टाकी बसवून 'घरा'त रूपांतरित केला होता. गेल्या मार्गशीर्षात शुद्ध पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत अकरा दिवस आम्ही ते घर घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत गेलो. प्रस्तुत लेख त्या सहलीचे वर्णन नव्हे. सूर्यास्त कसा दिसला, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. किनाऱ्याचा भूगोल पुस्तकात वाचणे आणि किनाऱ्यावर रोज पाणी, जागा व वाट मागत राहणे, यांत जो फरक पडला, त्याची ही टिपणे आहेत.

आरंभ लांबीपासून करू. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर आणि भारताचा ७५१६ किलोमीटर, हे आकडे आपण शाळेत पाठ केले आहेत. अलीकडे नव्याने केलेल्या मोजणीत भारताच्या किनाऱ्याची लांबी ११,०९८ किलोमीटरवर गेली. समुद्राने जमीन दिली, असा याचा अर्थ नाही. मोजपट्टी बारीक केली, की प्रत्येक खाडीचे वळण, प्रत्येक खडकाची बगल मोजली जाते आणि लांबी वाढते. आमच्या टेम्पोने ही गोष्ट फार सोप्या रीतीने सिद्ध केली. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर कापायला अर्धा दिवस लागे. कारण कोकणचा किनारा हा बुडालेल्या दऱ्यांचा किनारा आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या मुखांत समुद्र आत शिरला आणि खाड्या झाल्या: कुंडलिकेची रेवदंड्याला, सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, वाघोटणची विजयदुर्गला. दोन खाड्यांमध्ये डोंगराचा एक दांडा समुद्रात घुसतो. त्याच्या डोक्यावर कातळाचा सपाट सडा, पायथ्याशी पुळण, पुळणीमागे माडा-पोफळीचे आगर आणि त्यात लपलेले गाव. सडा चढावा, उतरावा, खाडी ओलांडावी, पुन्हा सडा चढावा, असा हा रस्ता. रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. ती इतकी वर्षे रेंगाळली याची कारणे राजकारणात असतील तशी या भूरचनेतही आहेत.

खाडी ओलांडायची म्हणजे भरती-ओहोटीशी गाठ. पहिल्याच दिवशी अलिबागेला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जायचे होते. आम्ही भ्रमणध्वनीवर वेळापत्रक शोधू लागलो, तेव्हा किनाऱ्यावर जाळे नीट करीत बसलेल्या एका वृद्ध कोळी गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "आज तिथी कोणती?" पंचमी, असे सांगताच ते म्हणाले, "मग पावणेचारला भरती. धाच्या सुमाराला सुकती. जावा खुशाल." कोकणात हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. पंचमी म्हणजे पाच. पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमी असेल तर सहा, द्वादशीला नऊ. भरती पहाटेची तशीच दुपारची, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

हा ठोकताळा का चालतो, ते पाहण्यासारखे आहे. चांद्रमासात तिथी तीस. तेवढ्या काळात चंद्र सूर्यापासून मागे पडत पडत एक पूर्ण फेरी, म्हणजे दिवसाचे चोवीस तास, मागे जातो. चोवीस तासांचे मिनिटांत १४४०. त्यांना तिसांनी भागले, की प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे उशीर. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणून तीही रोज तेवढी उशिरा. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची होते: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि मुंबईकडे प्रत्यक्ष भरती बाराच्या आसपास असते. पण प्रतिपदेपासून हिशेब पुन्हा एकापासून सुरू होत असल्यामुळे चूक साचत जात नाही. अठ्ठेचाळिसांचा पाढा म्हणण्यापेक्षा पाऊणकीचा पाढा सोपा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, तिचा असा उपयोग मला तरी प्रथमच दिसला. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा मालवणच्या माणसाला मुंबईचा हिशेब थोडा मागे ओढावा लागतो. शिवाय मुंबईला उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरांच्या वर जातो, तर मालवणकडे तो निम्म्यावर येतो. कारण उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंद होत जाते आणि उथळ पाण्यात भरतीची लाट फुगते.

उधाण आणि भांग हे दोन शब्दही येथे आले पाहिजेत. अमावास्या-पौर्णिमेला चंद्रसूर्यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमाराला ती काटकोनात येते, तेव्हा भांग. पुस्तकात आपण 'भरतीचे प्रकार' म्हणून आकृती काढतो आणि गुण मिळवतो. नवमीला दापोली तालुक्यातील एका पुळणीवर त्या आकृतीचा अर्थ कळला. दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी होती. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसत होती. एक मोटार मोठ्या डौलात पाण्याच्या कडेने फेऱ्या मारीत होती. गाडीतील मंडळी पुढे खडकाजवळ ती उभी करून जेवायला बसली. ओल्या वाळूचे कण त्यांच्यामधल्या थोड्याशा पाण्याने एकमेकांना धरून असतात. तेच पाणी वाढले, की कण सुटे होतात आणि वाळू चाक गिळते. साडेतीन वाजता लाट टायरांना लागली, चालकाने जोर लावला आणि मागची चाके आसापर्यंत रुतली. गावातील दहाबारा माणसे, दोन फळ्या, एक ट्रॅक्टर आणि आम्ही पाच, असा तासभर खटाटोप झाला तेव्हा ती बाहेर आली. दोर सोडवता सोडवता एक गावकरी म्हणाले, "भांग आहे म्हणून वाचलात. परवा-तेरवा असतात तर खिडकीतून पाणी आत." ही त्यांची त्या महिन्यातली तिसरी गाडी होती. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे देताना त्या पाहुण्यांनी घासाघीस केली, हेही नमूद करून ठेवतो.

आता पाण्याविषयी, आणि हा मला या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. नळ सोडला की पाणी येते, अशा घरात आपण किती पाणी वापरतो ते कळत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. आमची टाकी नव्वद लिटरची. पहिल्या दिवशी संध्याकाळीच ती कोरडी पडली, म्हणजे आंघोळ वगळून माणशी अठरा लिटर. त्यानंतर वहीत रोज नोंद ठेवू लागलो. चौथ्या दिवसापासून तीच टाकी दोन दिवस पुरू लागली. भांडी आधी राखेने घासून घ्यायची, मग एकाच पातेल्यात विसळायची, तांदळाचे धुवण भाजीला वापरायचे. या युक्त्या आमच्या आज्यांना माहीत होत्या. आम्हाला त्या शोधाव्या लागल्या.

अंजर्ल्याजवळच्या एका वाडीत पाणी मागायला गेलो. आगरात दहाबारा हातांवर पाणी असलेली चिरेबंदी विहीर होती. आमच्याजवळ गाडीच्या विजेवर चालणारा लहानसा पंप होता. तो पाहताच घरातील आजी पडवीतून खाली आल्या. "पानी हवं तेवढं न्या हो बाळांनो, पन रहाटानं काढा. यंत्र लावू नका." आम्हाला वाटले, विजेची भीती असेल. त्यांनी सांगितले, की पलीकडच्या आगरात मुंबईच्या कोणी बंगला बांधला, मोठा पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत त्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. "पोहऱ्यानं काढलं तर विहीर श्वास घेते," हे त्यांचे शब्द.

आजींचा हा नियम भूजलशास्त्रात घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो. एक डच, दुसरा जर्मन. दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे तो मांडला. पुळणीमागच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. या दोहोंतील फरक एक चाळिसांश. म्हणून समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्या भाराने खाली चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. बर्फाचा डोंगर पाण्यात बहुतांश बुडालेला असतो, तसेच हे. पण याची दुसरी बाजू भयंकर आहे. पंपाने भराभर उपसून वरची पातळी एक फूट खाली आणली, की खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते. रहाटाने काढताना पातळी फारशी उतरत नाही, उतरली तरी दोन पोहऱ्यांच्या मधल्या वेळात बाजूचे पाणी झिरपून भरून येते. विहीर श्वास घेते, याहून चांगले शब्द मला पाठ्यपुस्तकात सापडले नाहीत. एकदा खारी झालेली वाळू गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात.

सड्यावर गोष्ट निराळी. तेथे जांभा. या खडकाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरम येथे पाहून दिले. लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून, कारण तो विटेसारखा कापता येतो. कोकणची घरे, गडगे, पाखाड्या याच चिऱ्यांच्या. हा दगड सच्छिद्र. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतो आणि खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत सोडून देतो. तेथून तो झऱ्यांनी उताराला लागतो. म्हणून ज्या जिल्ह्यात छत्र्या वाळत नाहीत, त्याच जिल्ह्यात एप्रिलमध्ये टँकर फिरतो. रत्नागिरीच्या अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्या उजाड माळावर हत्ती, मासे, माणसे कोरणाऱ्यांनी पाणी कोठून आणले असेल, हा प्रश्न आमच्या टाकीमुळेच सुचला.

जागेचा प्रश्न रोज संध्याकाळी येई. गाडी सुरूच्या बनात लावावी, असे मनात येते, कारण चित्रांत ती तेथेच असते. वेळासला आम्हाला तेथे उभे राहू दिले नाही, आणि त्यांचे कारण ऐकल्यावर वाद घालण्याचे कारण उरले नाही. येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साह्याने त्यांचे संरक्षण सुरू केले. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिल्ले. रात्री वाळूतून वर आलेले पिल्लू जिकडे अधिक उजेड तिकडे धावते. लक्षावधी वर्षे तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा होता. आता तो गाडीच्या दिव्यांचा असू शकतो. मादीसुद्धा किनाऱ्यावर उजेड व हालचाल दिसली, की अंडी न घालता परत फिरते. आमचे घर गावात एका खळ्याच्या कडेला उभे राहिले.

त्याच खळ्याच्या मालकिणीने जेवण वाढताना एक प्रश्न विचारला, तो मी येथे देतो. कासवांच्या हंगामात या गावातील अनेक घरे पाहुण्यांना उतरवून घेतात. त्यातून दोन पैसे मिळतात आणि कासव राखण्यात गावाचा जीव गुंततो. "तुम्ही तर घर घेऊनच आलात. सगळेच असे येऊ लागले, तर आमच्या घरांचं काय?" आमच्यातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि सोलकढीचा पेला तोंडाला लावला.

चार ठिकाणी आमचे घर जंगल जेटीवर चढले: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. दाभोळहून पलीकडचा धोपावे समोर दिसतो. फेरीबोट नसेल तर चिपळूणमार्गे वळसा घालून अख्खी सकाळ जाते. या खाड्यांवर आता मोठे पूल बांधण्याची योजना आहे. त्याविषयी आमच्यात दोन तट पडले. मराठीच्या मित्राला फेरीबोटीचा पंधरा मिनिटांचा वारा हवा होता. मला वाटते, वारा हा पाहुण्याचा युक्तिवाद झाला. रात्री बाळंतिणीला पलीकडच्या रुग्णालयात न्यायचे असेल, तर शेवटची फेरी चुकलेल्या माणसाला पूलच हवा. मात्र पूल झाला, की खाडीकाठची गावे रस्त्याच्या कडेला पडतात, हेही खरे. दाभोळ एके काळी दक्षिणेचे मोठे बंदर होते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौलला उतरला आणि काही वर्षांनी दाभोळहून परतीच्या गलबतावर चढला. आज तेथील जुनी दगडी मशीद पाहायला थांबणारा प्रवासी फेरीबोटीची वाट पाहत असतो म्हणूनच थांबतो.

जाता जाता विजयदुर्गाविषयी एक खुलासा. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे निरीक्षण करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूरला होता. लॉकयरने आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, इंग्लंडात केले. लॉकयर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओट्यांचे महत्त्व याने कमी होत नाही, पण तीस वर्षांचा घोटाळा आपल्या शालेय सहलींत तरी पुढे चालू नये.

मालवणपर्यंत येता येता खडक बदलतो. दख्खनच्या काळ्या लाव्ह्याची सत्ता संपते आणि त्याहून कितीतरी जुने खडक डोके वर काढतात. रेडीला तर माती लोखंडाची लाल. तेथील खाणीत १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणेशाच्या देवळाजवळ आम्ही शेवटचा मुक्काम केला. पौर्णिमा होती, उधाण होते.

त्या रात्री अर्थशास्त्राच्या मित्राने हिशेब मांडला. एकूण खर्चातील निम्म्याहून अधिक पैसे डिझेलला गेले, म्हणजे मोठ्या गावांतील पंपांवर. फेऱ्यांचे भाडे, मासे, जेवणे, नारळ, असे मिळून एक तृतीयांशाच्या आसपास किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती पडले. मुक्कामापोटी आम्ही कोणालाही काही दिले नव्हते. पाणी, जागा आणि अनेक ठिकाणी शौचालय मात्र घेतले होते. भांड्यांचे सांडपाणी वीस लिटरच्या डब्यात साठवून, विचारून, माडांच्या आळ्यांत ओतले होते. पाच माणसांचे ते चालून गेले. एका वाडीत एका रात्री अशी पन्नास घरे उभी राहिली तर रोज दोन-अडीच हजार लिटर पाणी रहाटाने काढावे लागेल आणि जवळजवळ तेवढेच साबणाचे पाणी त्याच वाळूत, त्याच विहिरींच्या वर, मुरवावे लागेल. धोरणात पाणी-वीज-सांडपाण्याच्या केंद्रांची तरतूद आहे. ती केंद्रे आगरात होतात की सड्यावर, पाणी कोणाच्या विहिरीचे घेतात, आणि गाडी लावण्याचे भाडे वेळासच्या त्या मालकिणीसारख्या घरांकडे जाते की आणखी कोणाकडे, एवढे तीन प्रश्न त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. पुढच्या वर्षीच्या क्षेत्र-अभ्यासासाठी विभागाने यांतील विहिरींचा प्रश्न घ्यावा, अशी सूचना मी केली आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा, किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवरच्या पंधरावीस विहिरींच्या पाण्याचा खारेपणा मोजायचा आहे. त्याचे साधन स्वस्त आहे आणि हातात मावते. ज्यांना यायचे असेल, त्यांनी भूगोल विभागात नाव द्यावे.